चार कानांची चकती

आमच्या घरात खंडेनवमीला लोखंड घासत नाहीत. कोरड्या फडक्यानं पुसायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं, झालं. नातसून दर वर्षी विचारते, "आजी, माझ्या माहेरी विळी, खुरपी, सगळं चिंचेनं घासून आरशासारखं करतात. आपल्यातच असं का?" मी म्हणते, "आपल्यात तशी रीत हाय बाई." ती रीत काही पिढ्यांची नाही. अडुसष्ट साली मी लावली. का लावली ते माहीत असणारी दोनच माणसं होती, त्यातलं एक जाऊन आता बरीच वर्षं झाली.

मी लग्न होऊन उमरग्याला आले ते छप्पन्न साली. हैदराबादचं राज्य मोडलं होतं. आमचा तालुका मुंबईकडं आला आणि बीदर, हुमनाबाद म्हैसूरकडं गेलं. माझं माहेर आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडचं, शेतकऱ्याचं. ट्रक मी लांबून धूळ उडवत जाताना बघितलेला, तेवढाच. आणि पदरात पडलं ते ट्रकचंच घर.

यांचं नाव कल्याणप्पा. उखाण्याशिवाय मी ते कधी तोंडानं घेतलं नाही, आता लिहिताना हात अडखळतो. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, गाव सुरू व्हायच्या जरा अलीकडं, एका चिंचेखाली यांचं ट्रक दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार लाकडी खांबांवर पत्रे, आणि मागं लागून आमची खोली. गाडी आली की जमीन हादरायची आणि मांडणीवरची भांडी वाजायची. भांड्यांच्या आवाजावरून गाडी भरलेली की रिकामी, हे मला दुसऱ्या वर्षापासून कळायला लागलं होतं.

यांचा हात मागच्या चाकांच्या कामात बसलेला. मागच्या चाकाला फिरवणारा पोलादी दांडा असतो, मनगटाएवढा जाड, दोन हात लांब, तो एक्सल. चाकाच्या आतलं काहीही करायचं म्हटलं की आधी तो ओढून बाहेर काढायचा आणि शेवटी परत बसवायचा. तेवढं कुठलाही धट्टाकट्टा माणूस करील. खरं काम असतं ते त्याच्यासोबत निघणाऱ्या बारक्या जिनसांचं. त्यातलं काय परत लावायचं आणि काय टाकून द्यायचं, हे ठरवणं.

"एक्सल तुटून उलटलेली गाडी म्या एकच बघितली," हे म्हणायचे. "वायसरपायी उलटलेल्या किती सांगू?"

त्या जिनसा रॉकेलात धुवायचं काम हळूहळू माझ्याकडं आलं. परातीत रॉकेल घेऊन मी बसायची, हे समोर उकिडवे बसून एकेक उचलायचे. पॅकिंग कधीच परत लावायचं नाही, धड निघालं तरी नाही. नवं पॅकिंग मीच कापायची. जाड पुठ्ठा चाकाच्या तोंडावर धरून कडेकडेनं हातोडी वाजवत गेलं की नेमका तेवढाच आकार सुटून हातात येतो, पापडासारखा. तेल अडवणारं सीलही नवंच. स्प्रिंगचे वायसर हे बोटांत दाबून बघायचे. टोकं वर उठलेली असली तर ठीक, चपटी झाली असली तर "हिचा जीव गेला" म्हणून बाजूला टाकायचे.

आणि एक चकती असायची. यांच्या भाषेत लाकवायसर, मी तिला कानाची चकती म्हणायची. पत्र्याची गोल चकती, कडेला चार कान. चाक धरून ठेवणारा मोठा नट आवळला की चकतीचा एक कान वाकवून नटाच्या अंगाला चिकटवायचा, म्हणजे नट जागचा हलत नाही. पुढं कधी नट काढायची वेळ आली की तोच कान छिन्नीनं सरळ करावा लागतो. सरळ केलेला कान पुन्हा वाकवायचा नाही, हा यांचा नेम होता. एकदा वाकवून सरळ केलेल्या पत्र्यात दम राहत नाही. दुसऱ्या वेळी दुसरा कान, तिसऱ्या वेळी तिसरा. चार कान म्हणजे चार वेळा. वापरलेल्या कानावर हे तेलात कालवलेल्या शेंदराचा ठिपका द्यायचे. चारी ठिपके झाले की चकती बाद.

नव्या चकत्या आधी हैदराबादहून यायच्या. राज्य बदललं तशा सोलापूरहून मागवायला लागलो, आणि आठ-आठ दिवस वाट बघावी लागायची. म्हणून कोरा कान असलेली चकती कोणी टाकत नसे. ती बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जायची. बाद झालेल्या चकत्या तुपाच्या फुटक्या डब्यात, भंगारवाल्यासाठी. चांगल्या डब्यातली चकती उचलली तरी हे तिच्या कानांच्या मुळाशी अंगठ्याचं नख फिरवून बघायचे. वाकलेल्या जागी बारीक वळी पडलेली असते. डोळ्याला दिसत नाही, पण नख अडकतं.

काम झालं की काढलेले जुने जिन्नस फडक्यात बांधून ड्रायव्हरच्या हातात द्यायचे, ही आमच्या दुकानाची पद्धत. एक्सल बसला की आत काय घातलंय ते कुणाला दिसणार? जुनं हातात पडलं की माणसाची खात्री पटते. ड्रायव्हर लोक ती गाठोडी शिटाखाली टाकून द्यायचे. एकानं म्हणे सोडून बघितलं आणि बायकोला दाखवायला घरी नेलं, एवढ्यासाठी चार दिवस उशीर झाला म्हणून.

यांची एक बहीण होती, धाकटी. सारजा. गावातच दिलेली. तिचा नवरा हणमंतप्पा. लष्कराच्या लिलावातली एक जुनी गाडी घेऊन तो स्वतःच चालवायचा. आडदांड माणूस, आवाज गाडीच्या भोंग्यासारखा. दुकानात आला की मला बाहेर न बघताही कळायचं. हे त्याला दाजी म्हणायचे आणि तो यांना मिस्त्री.

एकसष्ट सालच्या खंडेनवमीला हे पहाटेच सील आणायला सोलापूरला गेले होते. दुपारपर्यंत येतो, पूजेची तयारी करून ठेव, असं सांगून. मला चौथा महिना होता. पण अंगात हुरूप होता. माहेरी आम्ही खंडेनवमीला नांगराचा फाळसुद्धा चमकवायचो. म्हटलं, आपलं दुकान बघून यांना वाटलं पाहिजे की घरात बाई आहे. झाडाची चिंच होतीच, चुलीतली राख होती. पाने घासले, हातोड्या घासल्या, छिन्न्या घासल्या. मग दोन्ही डबे उचलले, चांगला आणि फुटका, आणि एकाच परातीत उपडे केले.

कितीदा तरी मी मनातल्या मनात तो हात धरून ठेवला आहे. पण तेव्हा नाही धरला. शेंदूर निघाला तो मी बघितला. राखेत लाल-लाल उतरत होता. मला तो गंजासारखाच, मळासारखाच वाटला. खंडेनवमीला लोखंडावर काहीही डाग राहता कामा नये, एवढंच डोक्यात. एकेक चकती उन्हात ठेवली की चांदीच्या रुपयासारखी दिसायची.

हे आले ते दारातच थांबले.

"अगं, हे आपलंच दुकान हाय न्हवं?" असं म्हणाले आणि हसले. हे फार हसणारे नव्हते.

तिन्हीसांजेच्या आधी पूजा झाली. पाटावर हत्यारं मांडली, चकत्या मी पितळी ताटात रचल्या होत्या. यांनी सगळ्यांवर हळदकुंकू वाहिलं. सारजावन्सं आणि हणमंतप्पा प्रसादाला आले.

"वैनी," तो पाटाकडं बघून म्हणाला, "मलाबी जरा घासून द्या की. थोडा उजळ दिसंन."

"तेवढी चिंच न्हाय झाडाला," सारजावन्सं म्हणाल्या.

आम्ही सगळे हसलो. ते हसणं माझ्या कानात अजून आहे.

दसरा झाल्यावर मी पूजा उचलली. हत्यारं जागेवर ठेवली. ताटातल्या चकत्या हातात घेतल्या आणि क्षणभर थबकले. कुठल्या बिस्किटाच्या डब्यातल्या, कुठल्या फुटक्यातल्या, काही कळेना. सगळ्या सारख्या. शिवाय प्रत्येकीवर हळदकुंकू. पुजलेलं लोखंड भंगारात कसं टाकायचं? माझं मनच होईना. सगळ्या चकत्या मी बिस्किटाच्या डब्यात ठेवल्या. यांना सांगायचं असं ठरवलं होतं. एवढी मोठी गोष्ट नव्हती, म्हणून राहून गेलं.

कोजागिरीच्या दिवशी सकाळी हणमंतप्पाची गाडी आली. उडीद भरलेला, सोलापूरला न्यायचा. डाव्या मागच्या चाकातून तेल येत होतं.

"कवापासून येतंय, दाजी?"

"परवापासून. म्हणलं सणासुदीचं तीबी आंघुळ करतंय, करू द्या."

"बिरेकवर तेल गेलं तर तुमचीच आंघुळ हुईल. उतरा खाली."

यांनी गाडी उचलून लाकडी ओंडक्यांवर टेकवली. एक्सल ओढून काढला, नट सोडला, चाक उतरवलं. सील सोलापूरहून आणलेलं होतंच. मी पॅकिंग कापलं. बारके जिन्नस धुऊन समोर ठेवले. स्प्रिंगचे दोन वायसर यांनी बाजूला टाकले. मग गाडीतून निघालेली जुनी चकती उचलली. तिच्या तीन कानांवर शेंदूर होता, चौथा कोरा. कोऱ्या कानाच्या मुळाशी यांनी नख फिरवलं.

"चालती ही," म्हणाले. मग तिला हातातच धरून जरा वेळ बसले. "पर शेवटचाच कान हाय हिचा. दाजींच्या गाडीला शेवटचा कशाला? सारजीचं नशीब बांधलेलं हाय ह्या चाकाला. अगं, डब्यातली एखादी चारी कान कोरी असलेली बघ."

मी डबा उघडला. सगळ्याच चारी कान कोऱ्या दिसत होत्या. हे मला तेव्हा दिसलं, आणि मी वरची उचलून दिली.

यांनी ती उन्हाकडं धरली. "चांगल्या डब्यातलीच न्हवं?"

"व्हय की," मी म्हणाले.

खोटं नव्हतं. डबा चांगलाच होता.

यांचा अंगठा कानाकडं गेला होता. मी बघत होते. तेवढ्यात हणमंतप्पा म्हणाला, "मिस्त्री, चकतीचं लगीन लावायचंय का गाडी सोडायची? मुलगी नाकीडोळी नीट हाय म्हणलं."

हे हसले, आणि चकती नटाखाली गेली. कान वाकवला. एक्सल आत सरकवला, नवं पॅकिंग, नट, सगळं आवळून झालं. जुने जिन्नस यांनी फडक्यात बांधले आणि दाजींच्या हातात दिले. "ह्यातली चकती टाकू नगा. एक कान हाय तिला अजून, वाटंत कामाला यील."

"रातच्याला दूध प्यायला येतो," हणमंतप्पा मला म्हणाला. "साखर जास्तीची घाला, वैनी. मिस्त्रीच्या घरचं दूध लई सरळ असतं." आणि भोंगा वाजवत गेला. भांडी वाजली. भरलेली गाडी.

चार वाजता सोलापूरकडून येणारी एक गाडी दुकानापुढं थांबली. ड्रायव्हर खाली उतरला, पण जवळ येईना. तेव्हाच मला कळलं की काही तरी झालंय. जळकोटच्या अलीकडच्या उतारावर डावं चाक एक्सलसकट निसटून बाहेर आलं होतं. गाडी मोरीवरून खाली गेली. हणमंतप्पाला उडदाच्या पोत्यांखालून काढलं.

हे तसेच निघाले. दुसऱ्या दिवशी दुपारी आले ते हणमंतप्पाला घेऊनच. पुढचं सगळं झाल्यावर, तिसऱ्या दिवशी, यांनी खिशातून एक वस्तू काढून दुकानाच्या जमिनीवर ठेवली. ती चकती. वाकवलेला कान मुळापासून तुटून गेलेला. तुटलेली कड यांनी मला दाखवली नाही, स्वतःशीच बघत होते. अर्धी कड काळी, जुनी. अर्धी ताजी, चकचकीत.

"हा आधी वाकलेला हुता," म्हणाले. "चीर आधीची हाय. म्या वाकलेला कान वाकवला. कसा दिसला न्हाय मला? सोळा वर्सं ह्या कामात हाय म्या. डोळं गेलं का हात गेला माझा?"

मी खाली वाकून बघितलं. चकतीच्या आतल्या खाचेत काही तरी तांबडं अडकलेलं होतं. गंज म्हटलं तर गंज, कुंकू म्हटलं तर कुंकू.

मी बोलले नाही.

पलीकडच्या खोलीत सारजावन्सं होत्या. त्यांना आम्ही आमच्याकडं आणलं होतं, पुढं त्या कायमच राहिल्या. त्यांना मूल नव्हतं, सासरी दुसरं कोणी नव्हतं. मी बोलले असते तर यांनी मला काय केलं असतं, असं नाही. यांनी कधी हात उगारला नाही. पण मला सारजावन्संसमोर बसून भाकरी थापायची होती. पोटात मूल होतं. आज सांगू, उद्या सांगू. मग मूल झालं, महांतप्पा. त्याला पहिली आंघोळ सारजावन्संनीच घातली. आता कसं सांगायचं? आणि मग ते न सांगणंच घरातलं एक माणूस होऊन बसलं.

यांनी दुकान बंद केलं. हत्यारं एका पोत्यात बांधली. त्यानंतर हे काय काय दुरुस्त करायचे, तर स्टो, कंदील, मोंढ्यातले तराजू, पिठाच्या गिरणीचे पट्टे, विहिरीवरचे रहाट. ज्याच्यावर माणूस बसून जातं अशा वस्तूला हात लावायचा नाही. एकदा कोणी सायकल घेऊन आला तर त्यालाही परत पाठवलं. संसार चालला तसा चालला, त्याचं दुःख नव्हतं. दुःख हे होतं की हे काम करता करता मध्येच हात उलटा करून बघत बसायचे. दुसऱ्याचाच हात असल्यासारखे.

सारजावन्संनी भावाला एका शब्दानं दोष दिला नाही. "अण्णानं लई जपून केलं हुतं," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. "जुनी चकती चांगली असून नवी घातली." ते ऐकलं की हे उठून बाहेर जायचे.

हणमंतप्पाच्या शिटाखालचं गाठोडं गाडीच्या सामानाबरोबर आमच्याकडं आलं होतं. ते यांनी सोडलं नाही. दाराआडच्या खुंटीला टांगलं.

अडुसष्ट साली गावातले एक बडे गाडीमालक, आण्णासाहेब, यांनी ट्रक दुरुस्तीचं मोठं दुकान काढायचं ठरवलं. त्यांच्या स्वतःच्या तीन गाड्या होत्या. ते आपणहून घरी आले, यांच्यासमोर घोंगडीवर बसले.

"मिस्त्री, ह्या रस्त्याला मागच्या चाकाचा तुमच्यावानी माणूस न्हाय. नुसतं बसून ऱ्हावा. हात लावू नगा. पोरं करतील, तुमी फकस्त बगा."

"बघायचंच काम जमलं न्हाय मला, आण्णासाहेब," हे म्हणाले. "म्हणून तर हे झालं."

आण्णासाहेब गेले. दसऱ्यापर्यंत विचार करा, असं सांगून गेले. हे उंबऱ्यावर स्टोची पिन साफ करत बसले. सारजावन्सं महांतप्पाला घेऊन देवळात गेल्या होत्या. सात वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की माझ्याजवळ जी गोष्ट आहे ती नुसतं पाप नाही, ती यांची आहे. यांचा हात यांना परत देता येईल अशी ती एकच वस्तू आहे आणि मी ती दडवून ठेवली आहे.

मी समोर बसले. "त्या चकतीत तुमची चूक न्हवती," म्हणाले. "माझी हुती."

आणि सगळं सांगितलं. दोन डबे, एक परात, चिंच, राख, शेंदूर. पुजलेलं म्हणून भंगारात टाकलं नाही ते. यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग पिन खाली ठेवली आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मला वाटलं, आता रडतील. हे हसले. अगदी मायेनं.

"सात वर्सं झाली. आज बरं आठवलं तुला?"

"आठवलं न्हाय. कवा इसरलेच न्हाय."

"आण्णासाहेब येऊन गेले म्हणून बोलतीस. मला दुकानात धाडायला बघतीस."

"देवाशपथ सांगते."

"देवाला कशाला मधी घेतीस. शेंदूर गेला म्हणून मला कान वळखू येईना व्हय? तू माझ्यापायी स्वतःवर घेतीस, धुरपदा. म्या वळखतो तुला." नाव घेऊन यांनी मला आयुष्यात दोन-तीनदाच हाक मारली असेल. मग जरा वाकून, हळू आवाजात म्हणाले, "पर एक कर. सारजीपाशी हे बोलू नगस. तिला खरं वाटंल."

पहिल्या दिवशी बोलले असते तर यांनी मला झिडकारलं असतं, कदाचित माहेरी पाठवलं असतं, पण ऐकलं असतं. सात वर्षं ठेवलेलं खरं कोणी ओळखेना.

त्या वर्षीची खंडेनवमी चार दिवसांवर होती. एकसष्टनंतर मी हत्यारांचं पोतं उघडून नुसतं फडकं फिरवायची. मला घासवत नव्हतं. सारजावन्संना वाटायचं मी कंटाळा करते. नवमीच्या सकाळी मी विहिरीवर गेले होते. परत आले तर अंगणात सारजावन्सं परात घेऊन बसलेल्या, हात कोपरापर्यंत काळे, आणि उन्हात पाने, हातोड्या, छिन्न्या चमकत होत्या.

"दर साली नुसतं पुसतीस, वैनी. औंदा म्हणलं आपुनच करावं. आण्णासाहेब बोलावतेत अण्णाला, लक्षिमी यायची येळ हाय, आन हत्यारं काळी?"

माझी नजर दाराआड गेली. खुंटी रिकामी होती.

पूजेच्या वेळी हे पाटावर बसले. सारजावन्संनी पितळी ताट पुढं केलं. ताटात दोन वायसर, पाचसहा नट आणि मधोमध ती चकती. लखलखीत.

"ही कंची?" यांनी विचारलं.

"तुझीच की. फडक्यातली. ह्यांच्या गाडीतली." सारजावन्संचा आवाज जरा हलला, पण त्यांनी सावरला. "सात वर्सं काळी पडून हुती रे अण्णा. म्हणलं, एक दिस तरी तिला पुजू. बघ कशी कोरी दिसती."

यांनी चकती उचलली. दाराच्या उजेडाकडं धरली. उलटी केली, परत सुलटी केली. मी चुलीपाशी उभी होते. यांना काय हवं होतं ते मला माहीत होतं. तीन शेंदराचे ठिपके. ते कुठंच नव्हते. चारी कान सारखे दिसत होते.

मग यांनी अंगठ्याचं नख लावलं. पहिल्या कानाच्या मुळाशी अडकलं. दुसऱ्याला अडकलं. तिसऱ्याला अडकलं. चौथ्यावरून सरकन गेलं. यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तीनदा तसं केलं.

"घासलं की शेंदूर जातो," हे म्हणाले.

"जायाचाच की," सारजावन्सं म्हणाल्या. "चिंच हाय ती."

यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. "तुझं खरं हुतं," म्हणाले.

"काय खरं?" सारजावन्सं.

"काय न्हाय. हिनं मला एक सांगितलं हुतं."

मला वाटलं, आता सुटले हे. आता उठतील, उद्या दसऱ्याला आण्णासाहेबांकडं जातील. पण यांचं नख अजून चकतीच्या कानावरच होतं.

"नखाला लागतं पर," हे हळूच म्हणाले, चकतीलाच सांगितल्यासारखे. "शेंदूर गेला तरी नखाला लागतं. त्या दिशी म्या नख लावलं न्हाय."

का लावलं नाही, ते यांनी म्हटलं नाही. दाजींच्या थट्टेनं अंगठा थांबला, पण नेम सुटला तो मी "व्हय की" म्हणाले होते म्हणून. मला ते आठवत होतं, आणि यांच्या चेहऱ्यावरून कळलं की यांनाही आठवलं. त्यानंतर हे एकोणीस वर्षं जगले. तेवढं एक वाक्य यांनी कधीच उच्चारलं नाही.

यांनी चकतीवर हळद वाहिली, कुंकू वाहिलं, फूल ठेवलं. सारजावन्संनी हात जोडले आणि डोळे मिटले. त्यांचे ओठ हलत होते. बहुधा भावाच्या नव्या कामासाठीच काही मागत असाव्यात.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आण्णासाहेबांचा माणूस आला. यांनी त्याला दारातूनच सांगितलं, माझ्यानं होणार न्हाय, हात दुखतो.

सारजावन्सं फार हिरमुसल्या. पूजा उचलताना ताट पुसत मला म्हणाल्या, "जाऊ दे, वैनी. पुढल्या साली याच्यापेक्षा चांगलं घासते. अण्णाचं मन होईल तवा."

"नको वन्सं," मी म्हणाले. "आता आपल्यात नुसतं पुसायचं."